काकूंचा आवाज आणि खोटा सी ड्राइव्ह

जुगाडकाकांना खरं नावही होतं, पण गल्लीत कुणाला विचारलं असतं तर माणूस डोकं खाजवत बसला असता. जिन्याखालच्या दुकानात ते कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. खरी खुमखुमी मात्र एकच, विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम लिनक्स या फुकटातल्या दुसऱ्या सिस्टिमवर चालवून दाखवायची. त्यासाठी मध्ये एक दुभाषा प्रोग्रॅम बसवावा लागतो. तो या पाहुण्या प्रोग्रॅमला विंडोजचा आभास करून देतो, खोटा सी ड्राइव्हसुद्धा उभा करतो. असतं ते लिनक्सवरचं एक साधं फोल्डर, पण पाहुणा त्यालाच आपलं घर समजून राहतो. "चालत नाही म्हणजे काय? न चालून जातो कुठे!" ही काकांची भाषा. आणि बहुतेक वेळा चालवायचेही, उगाच नावं का ठेवा.

काकूंच्या घशात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल. इस्पितळातल्या वाचातज्ज्ञ बाईंनी एक प्रोग्रॅम सुचवला. ऑपरेशनआधी माणसानं त्यात ढीगभर वाक्यं वाचून ठेवायची, मग प्रोग्रॅम त्याच्याच आवाजात टाइप केलेलं बोलून दाखवतो.

"फक्त विंडोजवर चालतो हं," बाईंनी बजावलं.

लेक लगेच म्हणाली, "बाबा, माझा लॅपटॉप ठेवून घ्या."

"का? माझ्या घरात कॉम्प्युटरचा दुष्काळ पडलाय?" काका फिस्कारले. कसला मेला हा ताठा! तिनं लॅपटॉप परत पिशवीत घातला. काकांनी मध्ये दुभाषा घालून तो प्रोग्रॅम आपल्या लिनक्सवरच बसवला.

मग आतल्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून खिडकीला गादी लावून, काकू रोज वाचायला बसू लागल्या. वाक्यं तरी कसली! "निळ्या बोटीत सात बदकं झोपली." काकू हसून हसून बेजार. "अहो, हे लिहिणाऱ्यानं बदक बघितलंय का कधी?" घसा दुखायचा, तरी त्यांनी शेवटचं वाक्य पुरं करूनच माइक खाली ठेवला. आवाज तयार झाला तेव्हा काकांनी डॉक्युमेंट्सचं सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवलं आणि कपाटात ठेवलं. जबाबदार माणूस ना!

ऑपरेशन पार पडलं. काकू घरी आल्या. पहिले काही आठवडे प्रोग्रॅम नीट बोलला, मग अडखळायला लागला. काकू टाइप करायच्या आणि यंत्र अर्ध्या वाक्यात गप्प व्हायचं. त्या तशाच बसून राहायच्या, उरलेलं वाक्य हातानं सांगायच्या. काकांना ते बघवेना.

दुकानात अशा दुखण्यावर त्यांचा एकच इलाज असे, खोटा सी ड्राइव्ह मुळासकट पुसायचा आणि पाहुण्याला नव्यानं बसवायचं. त्याआधी त्यांनी कपाट उघडून बघितलं. पेनड्राइव्ह जागेवर होता. मग त्यांनी सी ड्राइव्हचं ते फोल्डर पुसलं.

प्रोग्रॅम लोण्यासारखा चालू लागला. आवाजांच्या यादीत मात्र एकच आवाज होता, प्रोग्रॅमसोबत येतो तो. काकांनी पेनड्राइव्ह लावला. त्यात विजेची बिलं होती, लेकीच्या लग्नाचे फोटो होते, बदकांचं एकही वाक्य नव्हतं. त्या प्रोग्रॅमनं सगळं स्वतःच्या फोल्डरात, त्या खोट्या सी ड्राइव्हमध्येच ठेवलं होतं. हाच घोळ घालून एखादं गिऱ्हाईक आलं की काका त्याची बिनपाण्यानं करायचे!

पुसलेलं परत आणणारा त्यांचा जुना दोस्त होता, त्याच्याकडे डिस्क घेऊन ते धावले. त्यानं जंग जंग पछाडलं आणि शेवटी डिस्क त्यांच्या हातात परत ठेवली. "काका, काही उरलं नाही हो."

घरी येऊन काका काकूंसमोर बसले. वाटेत दहा सबबी जुळवल्या होत्या, त्यातली एकही ओठावर येईना.

"अगं, तुझा आवाज पुसला गेला," ते म्हणाले. "मीच पुसला. पोरीचा लॅपटॉप घेतला असता तर आज…" पुढे त्यांना हुंदका फुटला.

काकूंचा चेहरा एकदम उतरला. रागानं त्यांनी टेबलावर मूठ आपटली, एकदा, दोनदा. मग त्यांनी कीबोर्ड ओढला आणि बोटानं एकेक अक्षर दाबलं.

"तुमच्या लक्षात आहे ना माझा आवाज?" यंत्रातली कुणी परकी, गोडगोड बोलणारी बाई विचारत होती. "मग पुरे."

काकांनी घाईघाईनं मान हलवली. आहे म्हणजे काय, असणारच! डोळे मिटून त्यांनी तो आठवायचा प्रयत्न केला, आणि कानात ती परकी बाईच बोलू लागली.