हान्सचा परवाना आणि माझं उपरणं

परदेशी माणसाला नोकरीवर ठेवायचा परवाना मिळवून देणारा नंदुरबारातला पहिला वकील मी. दुसरा कुणी त्या फंदात पडलाच नाही.

लढाईचे दिवस होते. कोरीट गावच्या माझ्या मामांनी नंदुरबारात कपाशीतली सरकी काढायचं जिन काढलं, विलायती इंजिन आणलं आणि ते सांभाळायला स्वित्झर्लंडचा हान्स आणला. सरकार म्हणालं, याच्यावाचून तुमचं अडतं हे दाखवा, नाहीतर पाठवा परत! परवाना मिळेपर्यंत मामा नवा माल घेईनात; फाटकाबाहेर कपाशीच्या गाड्यांची रांग. मामांचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, "मामा, भाचा वकील कशाला झालाय?" आणि अर्ज ठोकून दिला: हान्स रात्रंदिवस राबतो, तो गेला की जिन बसलं!

वर (इथेच माती खाल्ली!) मामीला बजावलं, "सरकारी तपासणी होईपर्यंत हान्ससाहेबाची नीट बडदास्त ठेव."

मामीला हे सांगायची गरजच नव्हती. तिच्या घरी पाहुण्यानं पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलायचा नसतो. धुळ्याहून अधिकारी आले तेव्हा इंजिन झकास चाललं होतं आणि शेजारी खाटेवर हान्स! कोरं धोतर, मांडीवर ताट, ताटात वांग्याचं भरीत.

"हा इथे काय काम करतो?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मामी अभिमानानं पुढे झाली. "काम? काहीच करस नही! पाव्हना शे तो. आम्ही त्याले काडीले हात लाऊ देतस नही!"

मामांनी माझी बाही ओढली. "भाऊ, बोल ना काहीतरी!"

मी बोललो. बोललो कसला, बरसलो! हात हवेत, उपरणं हवेत. "साहेब, हा माणूस नसेल तर या क्षणी..." असं म्हणत मी झोकात वळलो आणि उपरण्याचं टोक इंजिनाच्या पट्ट्यात! पट्टा उपरण्याला ओढतोय, उपरणं मला ओढतंय. (मी ते गाठ मारून घालत असे. रुबाबदार दिसतं!)

"मन्हा भाचा गया वं माय!" मामी किंचाळली. जिनातले सगळे गडी आ वासून उभे.

ताट उडालं, हान्स उडाला! भरताच्याच हातानं त्यानं इंजिन बंद केलं, मला सोडवलं, धोतर खोचून चाकातल्या चिंध्या उपसल्या, पट्टा चढवला आणि इंजिन पुन्हा सुरू करून दाखवलं.

अधिकारी पोट धरून हसत होते. "वकीलसाहेब, परवाना देतो. मालकाचे भाचे इंजिनाजवळ येतात, एवढं कारण पुरे!"

जिंकलो! गाड्या आत आल्या, मामांनी गावभर जिलबी वाटली. मला तर आकाश ठेंगणं झालं. आठवडाभर मान ताठ ठेवून हिंडलो. (वळतच नव्हती!)

पुढच्या वर्षी परवाना नवा करायची वेळ आली. मी कायद्याची जाडजूड पुस्तकं पसरून बसलो होतो, तोच मामा दारात उभे.

"भाऊ, ते पुस्तकं ऱ्हाऊ दे. नवं उपरनं घीसन ये!"