समोरची खुर्ची

मुलाखत संपेपर्यंत मी उभी होते. समोर खुर्ची होती. रिकामी.

चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात 'पोलीस कामाची ओळख' हा नवा विषय सुरू होणार होता. शिकवायला एक जण हवा होता, तासिका तत्त्वावर. मी तालुक्याच्या ठाण्यात हवालदार होते. नोकरी करता करता एम.ए. केलं, सेट काढली आणि शिकवायचंच म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेतली. फाईल क्रमानं लावलेली, प्रत्येक प्रमाणपत्राला रंगीत चिठ्ठी. तयारीत काही राहिलं नव्हतं.

आत प्राचार्य होते आणि तज्ज्ञ म्हणून एक निवृत्त पोलीस अधिकारी. त्यांना पाहताच माझे पाय जुळले. हात कपाळाशी गेला. साहेब 'बसा' म्हणेपर्यंत बसायचं नसतं, हे हाडात मुरलेलं. हे साहेब म्हणालेच नाहीत.

"गाव?"

"पोंभुर्णा, सर."

"गावात कुठल्या बाजूला?"

"बुद्धविहाराच्या बाजूला."

त्यांना हवं ते कळलं. फाईल न उघडताच ते प्राचार्यांना म्हणाले, "सॅल्यूट झकास आहे. बाई कवायत छान घेतील. शिकवणं वेगळं."

दोघं हसले. मी सावधानमध्येच.

बाहेर आले. आत चहा देऊन आलेले शिपाई भाऊ मागून आले. "बाई, आतमंधी उभ्या काऊन होत्या जी? खुर्ची तं होती."

"होती."

"मंग?"

मी फाईल घेऊन दाराजवळच्या बाकावर बसले.

माझ्यानंतर नागपूरची एक मुलगी गेली. वडील मोठे अधिकारी, पदवी माझ्याएवढीच. दार अर्धवट उघडं होतं. तिनं खुर्ची ओढली. फरशीवर खर्रकन आवाज झाला. "सर, मला तसं नाही वाटत," ती म्हणाली, आणि साहेब खूश होऊन हसले. तिच्या पदवीचा, साडीचा, गाडीचा मला हेवा वाटला नाही. खुर्चीच्या त्या आवाजाचा वाटला. अजून वाटतो.

जागा तिला मिळाली. आठवड्यानं मला बोलावणं आलं. तेच दोघं.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम नवीन आहेत. पंचनामा कसा करतात, ठाण्यात काय चालतं, हे तुम्ही त्यांना समजावून द्या. पोरं झाडीबोलीत बोलतात, तेही त्यांना कळत नाही. वर्गात त्या शिकवतील. तुम्ही मागे राहा."

मी खुर्ची ओढली. मुद्दाम जोरात. बसले.

साहेबांच्या भुवया चढल्या. "मी बसा म्हटलं का?"

"नाई म्हटलं," मी म्हणाले, आणि बसून राहिले.

मग प्राचार्यांना सांगितलं, "शिकवीन तर वर्गात, माझ्या नावानं. मागं राहून नाई."

"मग अवघड आहे, बाई."

"असू द्या."

ती आजही तिथं शिकवते. कामानिमित्त त्या रस्त्यानं जाते तेव्हा इमारतीकडे पाहून पोट जळतं. जळू दे. ते विझवायचं नाही असं मी ठरवलं आहे. ठाण्यात आलेल्या माणसाला आधी खुर्ची द्यायची, फिर्याद मग ऐकायची, हा माझा पहिला तास असेल. तो मी कोणालाही उसना देणार नाही.

पुढच्या वेळी जागा निघाली की अर्ज करणार. तज्ज्ञ म्हणून तेच साहेब असले तरी. आत जाईन. हात खालीच राहील. खुर्ची ओढीन, बसेन, आणि मग नाव सांगेन.