त्या मानाने हुशार

“पोरगी तुमच्यातली वाटत नाही हो, मावशी!” डॉक्टर हसत म्हणाले, तेव्हा मी त्यांच्याच ओट्यावर त्यांच्या पाहुण्यांसाठी पोळ्या लाटत होते. पाहुणेही हसले. माझी नात तिथंच उभी, तीही कसनुशी हसली. तिला कळलंच नव्हतं. जन्म इथला, अमेरिकेतल्या फ्रीमाँटचा. ‘तुमच्यातली’ म्हणजे काय, ते मला विचारा. स्वयंपाकाच्या कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला, तेही.

बरं, मी गप्प का बसले? सांगते. नातीला मेडिकलला जायचंय. इथं नुसत्या मार्कांवर भागत नाही बाई, मोठ्या माणसांची शिफारसपत्रं लागतात. ती दोन वर्षं या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये फुकट राबली. पेशंटच्या ओकाऱ्या पुसल्या. पत्र तेच देणार होते. म्हणून जीभ दातांखाली धरली.

जेवणं झाली. “मावशी, वरच्या प्रिंटरमधला कागद आणा जरा. हिचं लेटर आहे, सही राहिलीय.” ही पत्रं पोरांना दाखवत नाहीत, थेट कॉलेजला धाडतात. आणि म्हातारीला इंग्रजी कुठलं येतंय! शाळा मी चौथीत सोडली, खरंय. पण नातीच्या बालवाडीच्या पुस्तकांपासून तिच्या बरोबरीनं वाचत आलेय. जिन्यातच वाचलं. कष्टाळू. नम्र. सांगितलेलं ऐकते. आणि शेवटी, ज्या समाजातून येते त्या मानाने आश्चर्य वाटावं इतकी हुशार.

त्या मानाने!

डोक्यात घणच बसला. स्वयंपाकघरात येऊन, त्यांच्यासमोर, कागद उभा फाडला. मग आडवा. डॉक्टरांनी झडप घालून माझं मनगट पिरगाळलं. “अक्कल आहे का? कुणाचा कागद फाडतेस?” अहो-जाहो एका क्षणात गळून पडलं. मी हिसडा दिला, त्यांनी ढकललं. कपाळ कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं, डोळ्यात रक्त उतरलं. हाताला लाटणं लागलं. होतं नव्हतं तेवढं बळ लावून हाणलं. काचेच्या ताटांवर. ठिकऱ्या उडाल्या. खोटं कशाला बोलू, आधी त्यांचं डोकंच दिसलं होतं.

“आजी, स्टॉप! आय नीड दॅट लेटर!” नात किंचाळली.

“वाच,” म्हटलं, आणि तुकडे तिच्या हातात कोंबले. तिनं ते जुळवले. एकदा वाचलं. परत वाचलं.

“काका,” ती डॉक्टरांना म्हणाली, “डोन्ट सेंड इट. एव्हर.”

गाडीत मात्र तिनं हमसून हमसून रडत विचारलं, “आजी, आता कोण देणार?”

यंदाचं वर्ष जाईल कदाचित. जाऊ दे. पुढच्या डॉक्टरकडे ती जाईल तेव्हा मी शेजारी उभी असेन, आणि आधीच विचारू: पोरीबद्दल भक्कम लिहाल का? नसेल लिहायचं तर तोंडावर सांगा. नकार घेऊन परत येऊ. उपकार घेऊन नाही.