आईचा आवाज, निम्म्या किमतीत

तिसऱ्या मजल्यावरच्या कंपनीवालीनं म्हाताऱ्या आईला फसवून घर स्वतःच्या नावावर करून घेतलं, ही कुजबुज जिन्यात जन्मली आणि तळमजल्यावरच्या शिंपिणीच्या मशीनवर तिला व्यवस्थित अस्तर लागलं. पुरावा म्हणाल तर अख्ख्या इमारतीनं स्वतःच्या कानांनी ऐकलेला. कंपनीवाली सकाळी डबा घेऊन बाहेर पडली की तिची आई, जिनं उभ्या जन्मात कुत्र्यालाही कधी हाड म्हटलं नव्हतं, ती दारात उभी राहून लेकीचा उद्धार करायची. सटवे काय, अवदसे काय, तोंड काळं कर एकदाचं काय. आणि लेक ते खाली मान घालून ऐकायची. कधीकधी तर गालातल्या गालात हसायची. शिंपीण दातांत दोरा धरून म्हणायची, आईचं तळतळणं फुकटचं नसतं हो, घर खाल्लंय पोरीनं.

आता कंपनीवालीची कंपनी गाद्या-उशांची. हिचं काम गिऱ्हाइकांना जाहिरातीचे ईमेल लिहिण्याचं. साहेबांचे नियम कडक होते. मजकूर पाच ओळींत संपला पाहिजे, आरडाओरडा नको, आणि वर्षभरात कुठलाही ईमेल उघडला तरी तेच एक माणूस बोलतंय असं वाटलं पाहिजे. ते माणूस कोण, हे मात्र साहेबांना ठाऊक नव्हतं. हिनं आधी मैत्रीण होऊन पाहिलं, मग डॉक्टर होऊन पाहिलं. गोदामातली एक उशी हलेना. एकदा कंटाळून, घरी रोज कानावर पडायचं तेच तिनं लिहून टाकलं: "दमलीस ना? बस आधी. पाठ टेक. बाकीचं मग बघू. नवी गादी, आजपासून निम्म्या किमतीत." आठवड्यात गोदाम रिकामं झालं. साहेब म्हणाले, सापडला आपल्याला आवाज. आता हाच ठेवायचा, जराही इकडेतिकडे नको.

ठेवला. पण आवाज एक आणि ईमेल रोजचा, म्हटल्यावर माल पुरणार कसा? मग ती जेवताना आईला मुद्दाम बोलतं करायला लागली. म्हातारी बिचारी खूश, लेक आता वेळ देते म्हणून. ती लहानपणच्या गोष्टी सांगायची, डोक्यावरून हात फिरवायची, आणि इकडे लेकीच्या मनात कात्री चालू. हे घेण्यासारखं आहे, हे लांबलं, याच्यापुढे उशी बसेल. घास गिळताना स्वतःचीच शिसारी यायची. पण दुसऱ्या दिवशी ते वाक्य जायचंच. जाताजाता तेही गेलं जे द्यायला नको होतं. लहानपणी ती तापानं फणफणली होती तेव्हा आई म्हणाली होती, "कुशीवर वळ, मी आहे इथंच." साहेबांना ते इतकं आवडलं की उशांच्या प्रत्येक पिशवीवर छापलं. खाली किंमत.

मग एका संध्याकाळी ती डोकं धरून घरी आली आणि आडवी झाली. आई उशाशी बसली, कपाळावर हात ठेवला आणि तेच म्हणाली. तोच शब्द, तोच सूर. लेक ताडकन उठली. धावत जाऊन ती बेसिनमध्ये भडभडून ओकली. तोंड धुतलं, तरी ती पिशवी काही डोळ्यांपुढून हलेना. तेव्हा तिनं आईला सगळं सांगितलं, फोनवरचे ईमेल दाखवले. म्हातारीनं चष्मा लावून एकेक वाचला.

"हे मी तुला म्हटलं होतं," ती म्हणाली. "सगळ्या गावाला नव्हतं म्हटलं."

लेकीनं तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"मग आता मी तुझ्याशी बोलू तरी काय?"

"काहीही बोल. विकता येणार नाही असं. शिव्या घाल मला."

म्हातारीनं जरा विचार केला. म्हणाली, सासूनं मला भरपूर दिल्यात, सगळ्या कोऱ्या पडून आहेत. आणि दुसऱ्या दिवसापासून एकेक काढायला लागली. पहिली शिवी अडखळत आली, नंतर हात बसला. खूप दिवसांनी लेकीला आईचं बोलणं ऐकून मळमळलं नाही.

एवढ्यात साहेबांना नवं सुचलं. लोकांना गोडाचा वीट आलाय, म्हणाले, आता आई जरा रागावलेली दाखवू. "तुमची आई रागावते का हो? काय म्हणते नेमकं?" जमलं तर विभागप्रमुखाची खुर्ची देतो, हेही वर सांगून टाकलं. सकाळचीच शिवी हिच्या जिभेवर ताजी होती.

"माझ्या आईला रागावताच येत नाही, साहेब."

"कधीच नाही?"

"तोंडात शब्दच नाहीत तिच्या."

खुर्ची दुसऱ्याला गेली. त्यानं लिहिलेली आई इतकी मिळमिळीत रागवायची की तिला पाहुणी म्हणूनही कुणी घरात घेतलं नसतं.

त्याच सुमाराला शिंपिणीनं हिला जिन्यात गाठलं. "काय गं, एवढी गोड म्हातारी, काय केलंस तिला? घरासाठीच ना?"

खरं सांगायला एक श्वास पुरला असता. पण कंपनीच्या उशांचे अभ्रे शिंपिणीकडेच शिवायला यायचे. अभ्र्यांचं पुढचं गाठोडं पोचवायला ती कंपनीत गेली असती, तेव्हा म्हातारीच्या शिव्याही साहेबांच्या टेबलावर पोचल्या असत्या. आईचं एवढंच काय ते शिल्लक होतं.

"हो," कंपनीवाली म्हणाली. "घर हवं होतं मला."

शिंपिणीचं समाधान झालं. त्या दिवसापासून इमारतीत हिच्याशी कुणी धड बोललं नाही.

घर आजही आईच्याच नावावर आहे. शिव्या लेकीनं मागून घेतल्या होत्या, कारण आईचे गोड शब्द तिनं विकून टाकले होते.