पत्र्यावरचा मोकळा चौकोन

प्रिय नातवंडांनो,

परवा फोनवर माझ्यामागची खिडकी बघून तुम्ही विचारलंत, "आजी, समोरचं काळं छप्पर कुठं गेलं?" मी विषय बदलला. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आज सकाळची कामं आवरून लिहायला बसले आहे.

समोरच्या त्या घरातले, ज्यांना तुम्ही उन्हाचे आजोबा म्हणत होतात, त्यांच्याइतका उन्हावर हक्क सांगणारा माणूस साऱ्या कोल्हापुरात दुसरा नव्हता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्यांनी जन्मभर फिटरचं काम केलं. निवृत्त झाल्यावर पत्र्यावर सौर पॅनेल बसवायचं त्यांच्या मनानं घेतलं, कारण त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, दमा होता आणि एप्रिलात वीज गेली की त्या पत्र्याखाली त्यांचा जीव कासावीस व्हायचा. पण जुना पत्रा काचेच्या जड पॅनेलचं ओझं पेलणारा नव्हता. मग त्यांनी चटईसारखी गुंडाळता येणारी पातळ, काळी सौर फिल्म आणली. पाठीचा कागद सोलायचा आणि पत्र्यावर चिकटवायची.

तेव्हापासून दूधवाला असो की पोस्टमन, "पावणं, वर येऊन बघून जावा की," म्हणत ते प्रत्येकाला शिडीवर चढवायचे. मुलीला बघायला नेसरीहून मंडळी आली, तेव्हा पोहे निवत ठेवून त्यांनी मुलाच्या वडिलांनाच वर नेलं. वर गेल्यावर कौतुक नंतर, आधी मालाची खोट. "ह्यो गडी जागा लई खातो. काचंवाला एका पत्र्यावर जेवढं काम करतोय, तेवढ्याला ह्याला दोन पत्रं लागत्यात. आयुष्यबी कमी. कडंनं पाणी शिरलं की संपला." पाहुण्यांचा चेहरा पडला की मग म्हणायचे, "पर वजन न्हाय. ऊन तापलं तरी लई दमत न्हाय, आन् ढग आलं तरी रुसून बसत न्हाय." मुलाचे वडील खाली उतरून म्हणाले, "आपल्या मालाची खोट जो आधी सांगतो, त्याची पोरगी डोळं झाकून करावी." लग्न तिथंच ठरलं.

सगळा पत्रा काळा झाला, फक्त मधला एक चौकोन मोकळा राहिला. ती काकूंच्या कुरडया वाळवायची जागा. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी टेप घेऊन माप काढलं, आलेखाच्या कागदावर नकाशा केला आणि दाखवलं, की हा चौकोन भरला तर त्या फिल्मवर चालणारा काकूंचा पंखा ढगाळ दुपारीही नीट फिरेल.

"वैनी, नकाशा झ्याक हाय. पर कुरडया कुठं घालायच्या, माझ्या डोसक्यावर?"

आतून काकू ओरडल्या, "घाला की! तसंबी तिथं काय उगवत न्हाय."

पुढच्या उन्हाळ्यात काकूंचा दमा बळावला. कॉटवरून उठणंही होईना. माझ्यासमोरच त्या म्हणाल्या, "भरून टाका ती जागा. माझ्या हातनं आता कुरडया व्हायच्या न्हाईत." त्याच दिवशी ते नवी फिल्म घेऊन आले, शिडी चढले, आणि बऱ्याच वेळानं ती गुंडाळी तशीच काखेत घेऊन खाली उतरले. मी चिडले. "अहो, तिला वारा हवाय!" एरवी गल्लीभर ऐकू जाणारा त्यांचा आवाज तेव्हा मी पहिल्यांदा हळू ऐकला. "वैनी, जागा भरली की तिला कळंल, म्या आशा सोडली म्हणून."

ढग आला आणि पंखा मंदावला, की ते पुठ्ठा घेऊन काकूंच्या उशाशी बसायचे आणि हात भरून येईपर्यंत वारा घालायचे. काकू त्याच उन्हाळ्यात गेल्या. माझा नकाशा बरोबर होता, हे मी आजही सांगेन. पण तो दाखवला नसता तर बरं झालं असतं, असंही वाटतं.

नंतर फिल्मच्या कडा सुटल्या, पाणी शिरलं, तपकिरी डाग पडले. पंखा रेंगाळायला लागला. आता तरी चौकोन भरा, असं सगळे सांगायचे. ते मात्र दर उन्हाळ्यात तो पुसून घ्यायचे आणि त्यावर धोतर पसरून चार कोपऱ्यांना दगड ठेवायचे. एकदा भिजवलेल्या गव्हाचं पातेलं घेऊन माझ्या दारात उभे राहिले. मी जन्मात कुरडई केली नव्हती. सोऱ्याशी दोन तास झटले. त्यांनी एक उचलून उन्हात धरली. "वैनी, ह्या कुरडया न्हाईत, स्प्रिंगा हाईत." पण एकही टाकू दिली नाही. सगळ्या तिथंच वाळवल्या.

गेल्या महिन्यात तेही गेले. पत्रा गळत होता, म्हणून नेसरीहून त्यांची लेक आली आणि तिनं छप्पर उतरवून घेतलं. काम करणाऱ्यानं वरून मला विचारलं, "आजी, ही मधलीच जागा का सोडलीया?"

"तिथं कुरडया वाळतात," मी म्हणाले.

त्यांच्या ट्रंकेत ती गुंडाळी सापडली, पाठीचा कागदही न सोललेली. लेकीनं ती मला दिली. तुमच्या खोलीबाहेरच्या पत्र्यावर मी ती लावून घेतली आहे, आणि आत त्यांचाच पंखा टांगला आहे. ढग आला की मंदावतो. पण फिरतो.