उटणं लागलेला रंगरूट

आज सुनेनं उटण्याची पुडी फोडली आणि त्या वासासरशी मला आईचा चेहरा आठवला.

दुष्काळाचं वर्ष होतं. आमच्या नव्या वस्तीत टँकर आला तरच पाणी. जवळच्या लष्करी ट्रेनिंग कॅम्पातल्या रंगरूटांना दिवाळीची सुट्टी नव्हती, म्हणून वस्तीनं एकेकाला फराळाला बोलावलं. आमच्याकडं सोपान आला. घर देवगाव रंगारीला, इतकं जवळ, पण जायची परवानगी नाही. कॅम्पात अंघोळीही बंद होत्या.

"नरकचतुर्दशीला पारोशा लेकराला खाऊ घालू व्हय?" म्हणत आईनं साठवलेलं हंडाभर पाणी तापवलं. तेल चोळून, उटणं लावून त्याला न्हाऊ घातलं. पोरगं लाजून हसत होतं.

फराळ झाल्यावर आई आणि मी त्याला कॅम्पाच्या फाटकापर्यंत सोडायला गेलो. तिथं उभ्या असलेल्या, कवायत शिकवणाऱ्या उस्तादाला उटण्याचा वास आला.

"पूरी पलटन प्यासी, और नवाबसाहब नहाके आए?"

त्यानं सोपानला उघड्या अंगानं फुफाट्यात लोळायला लावलं. तेलकट अंगावर माती थापली गेली.

आई पुढं झाली. "साहेब, म्याच घातली अंघोळ. त्याचं काय बी चुकलं नाय."

"तो माताजी, एक चक्कर आपके नाम का."

पोरगं पुन्हा लोळलं. आईकडं त्यानं बघितलं नाही.

मी घरातली पहिली पदवीधर, हिंदी फाडफाड बोलणारी. उस्तादाला खडसावायला निघाले, तर आईनं माझं मनगट आवळलं. "गप. तू बोललीस की त्येला आनखी लोळवंल."

तेव्हा वाटलं, आई भ्याली. आता कळतं, आपली माया त्या लेकराला भोवते, हे तिनं तिथंच ओळखलं होतं.

त्यानंतर आईनं कुणालाच उटणं लावलं नाही. मलासुद्धा नाही.