काच दिसली पाहिजे

बुटांच्या खोक्यात नवरंग पक्षी बसला होता. हिरवी पाठ, पोटाखाली लाल, चोच उघडी. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीच्या कँटीनच्या काचेवर आपटून पडलेला. खोकं सिक्युरिटीतल्या रामण्णांच्या हातात होतं.

"अक्का, रोज कोणीतरी आपटतंय," ते म्हणाले.

मी शास्त्रीय पुस्तकांसाठी पक्ष्यांची चित्रं काढते. पंखातली पिसं मोजायची, मगच ब्रश उचलायचा. जन्म गेला यात, पण दुमजली काच रंगवायला आजवर कोणी बोलावलं नव्हतं; या कंपनीने बोलावलं.

फॅसिलिटी मॅनेजर देशमुख मूळचे नागपूरचे. "मॅडम, मोठा ससाणा काढा. पक्षी घाबरून पळतील. डायरेक्टर सरांचं ओके आहे."

माझे हात शिवशिवले. एवढ्या मापाचा ससाणा काढायला कोणाला मिळतो? पण खरं ते सांगणं भाग होतं.

"नाही पळणार. चित्रातला ससाणा हलत नाही. पक्षी त्याला चुकवून शेजारी आपटतील. त्यांना काच दिसतच नाही, तिच्यात उमटलेली झाडं दिसतात."

"मग?"

"बाहेरच्या बाजूने सगळ्या काचेवर बारीक पानं काढायची. मधे जेमतेम तीन बोटांची जागा. इथून जाता येणार नाही, हे पक्ष्याला कळतं."

देशमुखांचा चेहरा पडला. "नुसती पानं? सरांना काय दाखवू?"

तेवढ्यात खोक्यात खुडबुड झाली. रामण्णांनी बघायला झाकण जरासं उचललं, आणि नवरंग सुटला तो थेट काचेकडेच! देशमुख हात पसरून, ओरडत आडवे धावले. पक्षी त्यांच्या डोक्यावरून वळला आणि झुडपात शिरला.

देशमुखांना धाप लागली होती. "पानंच काढा, मॅडम."

मग मी परांचीवर चढले. समोरच्याच झाडांची पानं काढली, करंजाची, जांभळाची, कडुलिंबाची. जेवणाच्या सुट्टीत कंपनीतली पोरं-पोरी खाली उभी राहून पानं ओळखायच्या पैजा लावत. खालच्या रांगांची अंतरं देशमुख स्वतः बोटं लावून तपासत. इतकं हसत मी कधी काम केलेलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात रामण्णांचा फोन आला. "अक्का, आत्ता दयाळ आला. काचेपर्यंत आला, वळला, गेला!" आता काचेवर कोणीच आपटत नव्हतं. मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

डायरेक्टरांनी मात्र विचारलंच, "ससाणा कुठाय?"

"सर," देशमुख म्हणाले, "तो उडणाराच बरा."

काम घेताना गिऱ्हाईक कोण, हे आपण विचारतोच. चित्र बघणार कोण, हेही विचारून घ्यावं.